पाटी लागण्याआधी

पुंता अरेनासमध्ये पाटी करणारा
आधी वाऱ्याला विचारतो, मग गिऱ्हाइकाला.
माझे वडील बोट ओलं करून हवेत धरत
आणि आकडा सांगत,
पैशांचा नव्हे, स्क्रूंचा.

आता भाचीनं लॅपटॉप आणलाय.
योहाना म्हणते, निबाल्दोमामा, पत्रा कापण्याआधी
एकदा नजरेखालून घालू,
निदान फुकट जाणारा माल तरी वाचेल.
खरं आहे. मागच्या खोलीत
सतरा वर्षांच्या चुका भिंतीला टेकून उभ्या आहेत:
एका मासळीवाल्याला निळा हवा होता, पण ‘इतका निळा’ नको होता;
एका दंतवैद्याची बायको म्हणाली,
दात हसतोय कशाला?

मंगळवारी एदेल्मिरा ओयार्सो आली.
लोकरीचं दुकान, एकतीस वर्षं, पाटीशिवाय.
“गावाला ठाऊक होतं.
जहाजातून उतरणाऱ्यांना कोण सांगणार?”

योहानानं दुकानाचा फोटो चढवला,
दोन ओळी लिहिल्या,
आणि चहा गाळेपर्यंत चार दुकानं तयार.
चारही ठिकाणी झाडं सरळसोट.
झेंडा तर चक्क झोपलेला.
दारात एक बाई, हसरी, कुणाच्याच ओळखीची नाही.
“हिला कामावर कुणी ठेवलं?” एदेल्मिरानं विचारलं.
आणि ‘दोन्या मिरा’चं
यंत्रानं ‘दोना मिरा’ केलेलं.
आमच्या त्या अक्षराच्या डोक्यावर एक लाट असते,
चिमूटभर.
ती पुसली की नाव राहतं,
मान जातो.

पुन्हा. पुन्हा. पिवळी अक्षरं, मग विटकरी,
मग रात्रीचा दिवा, मग बर्फ
(बर्फ चांगला जमतो त्याला).
सातव्या चित्रावर ती थांबली.
स्वेटरच्या काठानं चष्मा पुसला.
“ही खिडकी याला कुणी सांगितली?”

कुणीच नाही. फोटोत तिथं नुसता पन्हळी पत्रा.
डावी बाजू रिकामी वाटली असेल,
यंत्रानं भरून टाकली,
जसं आपण वहीच्या कोपऱ्यात फूल काढतो.

“होती,” ती म्हणाली. “तिथंच.
पोरगी तापानं फणफणली त्या हिवाळ्यात
बेंसेस्लाओनं पत्रा ठोकला.
म्हणाला, उन्हाळ्यात काढू.
मग उन्हाळे आलेच की कितीतरी,
म्हणजे इकडे येतात तेवढे.”

पोरीचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.
योहाना विचारणार होती,
मी तिच्या खुर्चीला पाय लावला.

“अक्षराला काय घेता?” एदेल्मिरा म्हणाली.
मी सांगितलं.
“मग लोकर हा शब्द गाळा.
लोकर खिडकीत दिसेलच, लिहायची कशाला?
वाचले त्यात पत्रा काढून द्या.”
मी सुतार नाही, म्हणालो.
पण ज्याला स्क्रू लावता येतो
त्याला काढता येत नाही म्हणायला
तोंड लागतं.

ऑक्टोबरात गेलो. गंजलेले खिळे
एकेक करून बाहेर आले, कुरकुरत, म्हाताऱ्यांसारखे.
काच अख्खी होती.
चौकटीत एक माशी, कधीची.
एदेल्मिरानं ती फडक्यानं उचलली
आणि फडकंच खिशात ठेवलं.

घरी योहानानं यंत्राला शेवटचं लिहिलं:
इथं वारा असतो. खूप.
त्यानं बाईचे केस उडवले,
गळपट्टाही छान उडवला.
झाडं तशीच ताठ.

जाऊ दे. रंग त्यानंच सुचवला, विटकरी,
मला सुचला नसता, आणि पत्र्याचा एक तुकडाही
वाया गेला नाही या वेळी.
अक्षरं भिंतीपासून बोटभर लांब बसवली,
मागून वारा जायला वाट ठेवली.
प्रत्येकाला चार स्क्रू.
त्या चिमूटभर लाटेलाही चारच,
योहाना म्हणाली, एवढीशी तर आहे.
एवढीशी आहे म्हणूनच.
वारा आधी तिलाच मागतो.